धान्याला कीड : पाला, पावडर, तेल... नक्की कशाला काय लावायचं?

जोंधळेवाला (धागा सुरू करणारा)

वर्षाचं धान्य भरायचे दिवस आलेत. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या पेठेत गव्हाची पोती उतरायला लागलीत, गावाकडं जोंधळा पोत्यात गेलाय, आणि घराघरात एकच विषय: यंदा धान्याला काय लावायचं? व्हॉट्सॲपवर उपायांची नुसती रेलचेल आहे. कडुनिंबाच्या चार डहाळ्या टाका, लसणाच्या पाकळ्या टाका, लवंगा टाका, लाल मिरच्या टाका, एकानं तर काड्यापेटी उघडून टाकायला सांगितलीय.

यातलं सगळंच खोटं नाही. पण किती धान्याला किती, हे कुणीच सांगत नाही. पन्नास किलोच्या पिंपात पाच लवंगा टाकून भुंग्यानं घाबरून पळून जावं, अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

माझं म्हणणं थोडक्यात मांडतो, मग तुम्ही भर घाला.

पहिलं म्हणजे घरातल्या धान्याचे दोन ढीग करा. एक खायचं, एक पेरायचं. बियाण्याला जे चालतं ते पोटात घालायच्या डाळीला चालेलच असं नाही. वेखंड, निंबोळी, सीताफळाचं बी हे बहुतेक बियाण्याचे उपाय आहेत. खायच्या धान्याला तेल, ऊन आणि बंद डबा. ही एवढी वाटणी केली तरी निम्मे वाद मिटतात.

दुसरं, वनस्पतीची पावडर बहुतेक वेळा किडीला लगेच मारत नाही. वासानं ती किडीला लांब ठेवते, खाणं नको करते, अंडी घालण्यात अडथळा आणते, अळीची वाढ बिघडवते. म्हणजे धान्य स्वच्छ असताना घातली तर उपयोग. जाळी झाली, पीठ पडायला लागलं, डब्याचं झाकण उघडल्यावर चार भुंगे उडाले, आणि मग पाला शोधायला निघालात तर वेळ गेलेली असते.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे धान्य वाळलेलं पाहिजे. तृणधान्यात ओलावा १२ टक्क्यांच्या आत, कडधान्यात त्याहूनही थोडा कमी. आपल्याकडं जून लागला की भिंतींना ओल येते. ओलसर धान्यात कितीही पाला घाला, फायदा किडीचाच.

आता तुमच्याकडं काय करतात ते लिहा. प्रमाणासकट लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला करून बघता येईल.

निशिगंध

छान धागा. आम्ही राजारामपुरीत फ्लॅटमध्ये राहतो, त्यामुळं कणगी, पोती हा प्रकार नाही. डबे आणि दोन पिंपं. सासूबाई तांदळाला बोरिक पावडर लावतात, तूरडाळीला एरंडेल. एरंडेलाचं मला पटतं, पण बोरिकची भीती वाटते. "आयुष्यभर खाल्लंय, काय झालं?" असं त्या म्हणतात. त्यांना काय उत्तर द्यायचं?

आणि हरभरा, चवळी कितीही निवडून ठेवली तरी भोकं पडतातच. बंद डब्यात किडा येतो कुठून?

आबा_शाहूवाडी

आमच्याकडं पूर्वी कणगी असायची. कामट्यांची विणायची, आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपायची, कडकडीत वाळवायची. मग तळाला कडुनिंबाचा आणि निरगुडीचा वाळका पाला, वर भात, परत पाला. तोंड लिंपून टाकायचं. बियाण्याचा जोंधळा मात्र वेगळा. तो कणसासकट आढ्याला, चुलीच्या वर टांगलेला. धूर बसून बसून काळा पडायचा, पण पेरणीला दाणा न दाणा उगवायचा. हुलगा, पावटा, चवळी राखेत. राख म्हणजे चिमूटभर नाही हं, दाणे राखेत बुडले पाहिजेत. गोवरीची राख चाळून घ्यायची आणि मडक्यात एक थर दाण्याचा एक थर राखेचा असं न करता सरळ कालवून टाकायची.

सांगली-हरिपूरकडं हळदीची पेवं होती. तिथं पाला नाही, पावडर नाही, काही नाही. जमिनीत खोल खड्डा, तोंड बंद. उघडलं की लगेच उतरायचं नाही, आधी कंदील खाली सोडायचा. विझला तर थांबायचं. आत हवाच नसते, माणूस जिथं जगत नाही तिथं किडा काय जगणार?

पन्हाळ्यावर अंबरखान्यात जाऊन या एकदा. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं. वर घुमटाला भोकं, त्यातून धान्य ओतायचं. २५,००० खंडी मावायचं म्हणतात. भिंतींची जाडी बघूनच कळतं की आतली हवा कोरडी आणि थंड ठेवायची याचा विचार त्या लोकांनी केला होता.

कीटकवेडा

निशिगंधताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. मी कीटकशास्त्राचा विद्यार्थी आहे, त्यामुळं जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

चवळी-हरभऱ्यावरचा भुंगा बहुतेक वेळा डब्यात बाहेरून येत नाही, तो शेतातूनच घरी येतो. शेंग पिकत आली की मादी तिच्यावर अंडी घालते. घरात उघड्या दाण्यावर घालते तेव्हा ती अंडी नुसत्या डोळ्यांनी दिसतात. चवळीचा दाणा उजेडात धरून फिरवा. पांढरा, मोहरीहून लहान, चिकटलेला ठिपका दिसला की समजा. नखानं सहज निघत नाही. अळी अंड्यातून बाहेर पडून इकडंतिकडं फिरत नाही, अंड्याच्या खालच्या बाजूनंच थेट दाण्यात शिरते. आतला गर खाते, तिथंच कोष करते आणि तयार भुंगा गोल झाकण उघडावं तसा बाहेर येतो. उन्हाळ्यात हे सगळं महिन्याच्या आत उरकतं. बाहेर आलेला भुंगा दाणा खातही नाही, आठ-दहा दिवस जगतो, तेवढ्यात अंडी घालून मरतो. म्हणजे तुम्हाला भोक दिसतं तेव्हा खाणारा खाऊन गेलेला असतो.

तांदूळ, गहू, जोंधळ्यातला सोंड्या आणखी हुशार. मादी सोंडेनं दाण्याला बारीक छिद्र पाडते, आत एक अंडं ठेवते आणि चिकट स्रावानं छिद्र बुजवून टाकते. वरून काहीच कळत नाही. एक मादी दोन-तीनशे अंडी घालू शकते.

आता कडुनिंबाचा पाला थराथरानं घातला तर काय होतं बघा. थराच्या वर-खाली वास आहे, पण दोन थरांच्या मध्ये वीतभर धान्य मोकळंच. दाण्याच्या आत बसलेल्या अळीला तर पाल्याचा पत्ताही नसतो. म्हणून पाला थरात घालण्यापेक्षा सावलीत वाळवून, बारीक दळून, दाण्यादाण्याला लागेल असा कालवणं चांगलं. आबांनी राख कालवायला सांगितली, त्यामागं हेच आहे. राख किड्याच्या अंगावरचा मेणाचा पातळ थर खरवडते, त्याच्या अंगातलं पाणी निघून जातं. शिवाय दाण्यांमधल्या फटी बुजतात आणि मादीला फिरायला जागा उरत नाही.

तेलाचं काम वेगळं आहे. दाण्यावर तेलाचा पातळ थर बसला की मादीला अंडं नीट चिकटवता येत नाही, आणि घातलेल्या अंड्याचा श्वास कोंडतो. किलोला ५ ते १० मिलि तेल, म्हणजे एक ते दोन चहाचे चमचे. शेंगतेल, एरंडेल, सरकी, कुठलंही चालतं. तुमच्या सासूबाईंचं एरंडेल शास्त्राला धरून आहे. फक्त वरून ओतून दोनदा हलवलं, असं नको. हाताला तेल लावून परातीत चोळायचं, प्रत्येक दाणा चकाकला पाहिजे.

बोरिकबद्दल: बोरिक ॲसिड आपल्याकडं खाण्याच्या पदार्थात घालायला परवानगी नाही. धुतल्यावर बरंचसं जातं हे खरं, पण "बरंचसं" वर रोजचा भात शिजवावा का, हा प्रश्न आहे. तांदळालाही एरंडेलच लावा, किंवा काहीच न लावता कोरडा करून घट्ट डब्यात ठेवा.

जोंधळेवाला

कीटकवेडा, जियो. हरभरा-चवळीबद्दल एक जोड देतो. तूर, मूग, हरभरा यांची डाळ करून ठेवली की भुंग्याचा त्रास बराच कमी होतो, अख्ख्या दाण्यावर त्याचं जास्त प्रेम. आमच्या घरी म्हणूनच बी पुरतं अख्खं ठेवून बाकीची डाळ करून घ्यायची पद्धत आहे. पण डाळीला पुढं जाळी करणारा पतंग लागतो, तेव्हा निश्चिंत राहू नका.

घनसाळ_आजरा

आमचा वेगळाच प्रश्न. आजरा घनसाळ. २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून मुंबई-पुण्याची पाव्हणे मंडळी वर्षाचा तांदूळ मागतात. त्यांना मी एकच सांगतो, त्याला कडुनिंब, निरगुडी, वेखंड काही लावू नका. आधीच तो वासाचा तांदूळ, त्यात निंबाचा वास शिरला की झाली माती. पैसे देऊन घनसाळ घ्यायचा आणि काढा प्यायल्यागत भात खायचा.

आम्ही भातच ठेवतो, तांदूळ नाही. टरफल शाबूत असलं की सोंड्याला आत शिरता येत नाही. लागेल तसं दोन-दोन महिन्यांचं कांडून आणायचं. भाताला दुसरे किडे लागतात, पतंग लागतो, छोटा भुंगेरा लागतो, पण भात कडक वाळलेलं असलं आणि टरफल फुटलेलं नसलं तर त्रास कमी. मळणीत ज्याचं टरफल फुटतं ते भात वेगळं काढून आधी खाऊन टाकायचं, एवढी काळजी घेतो.

पोत्यांना मात्र निंबोळीचा अर्क वापरतो. धान्याला नाही, पोत्याला. रिकामी पोती अर्कात बुडवून, निथळून, सावलीत पूर्ण वाळवून मग भरायची.

पेठेतला

घनसाळवाले म्हणतात ते बरोबर. धान्याच्या पेठेत आयुष्य गेलं, निम्मी कीड जुन्या पोत्यातून येते. गेल्या वर्षीचं बारदान झटकून परत वापरलं की शिवणीत, घडीत बसलेले किडे आयते नव्या मालात. निंबोळीचं प्रमाण सांगतो. १० टक्के अर्क, म्हणजे १० लिटर पाण्याला १ किलो निंबोळीचा गर कुटून रात्रभर भिजवायचा, सकाळी फडक्यानं गाळायचा, पोती पंधरा मिनिटं बुडवायची. शेतात फवारायला ५ टक्के करतात, पोत्याला दुप्पट.

गिऱ्हाईक विचारतं, गहू वाळलाय का? दाताखाली धरा, कट्‌ असा आवाज आला पाहिजे, दबला तर ओला. आणखी एक सोपी खूण. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि चमचाभर कोरडं मीठ घाला, झाकण लावून हलवा, पाच-दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर माल ओला आहे, ओलावा १५ टक्क्यांच्या वर. नाही चिकटलं म्हणजे लगेच पोत्यात भरा असं नाही, पण निदान बुरशी धरणार नाही.

पोती भिंतीला टेकवू नका. फूटभर अंतर, खाली फळ्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं नाही त्यांचीही पोती जमिनीच्या ओलीनं खालून खराब झाली होती, हे मी बघितलंय.

नाना_पेठवडगाव

एवढा खटाटोप कशाला? पोत्यात गोळी टाका, विषय संपला. दुकानात मिळते.

पेठेतला

नाना, हात जोडतो. घरात नको. ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी. हवेतल्या ओलाव्यानं तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो. किडा दाण्याच्या आत असला तरी मरतो, हे खरं, आणि म्हणूनच गोदामवाले वापरतात. पण गोदामात वरून जाड ताडपत्री टाकून कडा बंद करतात, प्रशिक्षण घेतलेला माणूस असतो, आत कुणी झोपत नाही. तिची विक्री सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक माणसांपुरतीच आहे. "दुकानात मिळते" म्हणजे कायद्यानं मिळते असं नाही. हा वायू फटीतून शेजारच्या खोलीत जातो आणि विषबाधा झाली तर त्यावर उतारा नाही. लेकरं झोपतात त्या घरात पोत्यात गोळी टाकून गाढ झोपणारी माणसं मी बघितलीत, अंगावर काटा येतो.

पूर्वी ईडीबीच्या (इथिलीन डायब्रोमाइड या विषारी रसायनाच्या) काचेच्या नळ्या मिळायच्या, फोडून कणगीत टाकायच्या. त्यावर आता बंदी आहे. पाऱ्याच्या गोळ्या अजून काही ठिकाणी विकतात. "आयुर्वेदिक" लिहिलेलं असलं तरी पारा तो पाराच. त्या घालू नका.

निशिगंध

पेठेतले काका, सविस्तर सांगितलंत, आभार. आता वेखंडाबद्दल विचारते. महाद्वार रोडला काष्ठौषधीच्या दुकानात अख्खं मूळ मिळतं. पुस्तकांच्या कपाटात आम्ही ठेवतोच, बाळाच्या अंगालाही लावायची पद्धत आहे. मग डाळीच्या डब्यात एक तुकडा ठेवला तर काय बिघडतं?

कीटकवेडा

निशिगंधताई, वेखंडावर मी जरा जास्तच लिहिणार, कारण कीड आवरण्यात वनस्पतींमध्ये त्याचा नंबर फार वरचा आहे आणि गैरसमजही त्याच्याबद्दलच जास्त.

वेखंडाच्या मुळातल्या तेलात बीटा-असारोन नावाचा घटक असतो, आणि आपल्या भारतीय वेखंडात तो भरपूर असतो. त्याच्या वाफेनं भुंग्याची आणि सोंड्याची मादी वांझ होते. मेली नाही तरी पुढची पिढी थांबते. किलोला १० ग्रॅम, म्हणजे क्विंटलला एक किलो पावडर बियाण्यात नीट कालवली तर कडधान्याचं बी चांगलं टिकतं आणि उगवणीला धक्का लागत नाही.

पण हाच बीटा-असारोन उंदरांना खाऊ घालून पाहिल्यावर त्यांच्या आतड्यात गाठी झाल्या. म्हणून अमेरिकेनं १९६८ साली वेखंड खाण्याच्या पदार्थात वापरायला बंदी घातली. तेव्हा वेखंडाची पावडर बियाण्यालाच. पुस्तकाच्या कपाटात खुशाल ठेवा. डाळीच्या डब्यात पुरचुंडी बांधून ठेवली तर पावडर डाळीला लागत नाही हे खरं, पण तिचं काम चालतं ते वाफेवरच, आणि ती वाफ डाळीलाही लागते. आपल्याकडं तेल, ऊन, डबा हे पर्याय असताना मी तरी ठेवणार नाही.

आणखी एक. तयार वेखंड पावडर घेऊ नका. एका दुकानातून आणलेली पावडर हुंगली तर वासच नव्हता, बहुतेक खूप जुनी किंवा भेसळीची. मूळ घ्या, मोडून बघा, आत फिकट आणि वास नाकात घुसणारा हवा. खलबत्त्यात ठेचून मग मिक्सरला लावा, कारण आत चिवट धागे असतात. वस्त्रगाळ करा. नाकाला फडकं बांधा आणि मिक्सरचं ते भांडं चटणीला परत वापरू नका.

करवीरकर_पुण्यात

मी सीताफळाच्या बियांची पावडर करून ठेवलीय. खूप जालीम असते असं ऐकलं. गव्हात घालू का?

कीटकवेडा

नको. जालीम आहे यात शंका नाही. त्यातले घटक किड्याच्या पेशींना ऊर्जा मिळणंच बंद पाडतात. पण ते काही फक्त किड्यालाच ओळखत नाहीत. डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, उवांसाठी डोक्याला लावून डोळे बिघडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. दळताना उडणारी धूळसुद्धा वाईट. बियाण्यालाही मी ती सुचवत नाही, निंबोळी असताना गरज काय?

जोंधळेवाला

निंबोळीकडं आलाच आहात तर तिचंही बघू. कडुनिंबाचं नाव सगळे घेतात आणि पाला तोडतात, पण खरा जोर बियात आहे. अझाडिरॅक्टिन, म्हणजे कीड आवरणारा कडुनिंबातला मुख्य घटक, पाल्यात नाममात्र, निंबोळीच्या गरात जास्त. पाल्याची पावडर वापरायची तर क्विंटलला दोन ते पाच किलो लागते, निंबोळीच्या गराची एक-दोन किलोत भागते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९६२ साली निंबोळीच्या द्रावणानं टोळ पिकाला तोंड लावत नाहीत हे दाखवून दिलं होतं. पुढं युरोपात निंबतेलाच्या बुरशीनाशक वापरावर एका अमेरिकी कंपनीनं पेटंट घेतलं, आपल्या लोकांनी ते लढून २००० साली रद्द करवलं. आपल्या परसातल्या झाडावर जग भांडलं आणि आपण अजून पाल्यातच अडकलोय.

निंबोळ्या जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर पिकून पडतात. नेमकी तिथंच गोची होते. ओल्या जमिनीवर पडून राहिल्या की बुरशी धरते, आणि बुरशीची निंबोळी धान्यात घालणं म्हणजे विकतचं दुखणं. झाडाखाली जुनी साडी अंथरा, रोज गोळा करा, पिवळा गर धुऊन काढा आणि वाऱ्याला, सावलीत वाळवा. कडक उन्हात नको, उन्हानं अझाडिरॅक्टिन उतरतं. टरफल फोडून आतला गर हिरवट-तपकिरी असेल तोच घ्या, काळा पडलेला फेका.

खायच्या गव्हात ही पावडर घालू नका, चपाती कडू होते. चाळून, धुऊनही थोडा कडवटपणा राहतो. बियाण्याला बिनधास्त.

करवीरकर_पुण्यात

मग अर्क किंवा निलगिरी-लवंगेचं तेल का वापरू नये? इंटरनेटवर तर "शंभर टक्के मर" असे आकडे दिसतात.

कीटकवेडा

कारण ते आकडे प्रयोगशाळेतल्या वाटीभर धान्याचे असतात. तिथं पाला ॲसिटोन किंवा मिथेनॉलमध्ये भिजवून अर्क काढतात, द्रावक उडवून टाकतात, मोजके किडे सोडतात आणि तीन-चार दिवसांनी मेलेले मोजतात. काही न लावलेल्या वाटीतही थोडे किडे आपोआप मरतात, तेवढे हिशेबातून वजा करतात. त्याचं सूत्र अ‍ॅबटनं १९२५ साली दिलं, अजून तेच वापरतो. शास्त्र म्हणून हे ठीक आहे. पण घरात प्रश्न "किती मेले" हा नसतो. पुढच्या पिढीत किती निघाले आणि धान्याचं वजन किती घटलं, हा असतो. असा शोधनिबंध वाचताना आधी तो आकडा शोधा.

पाण्यातला अर्क धान्यावर शिंपडू तर अजिबात नका. वाळवलेल्या धान्यात तुम्ही स्वतःच ओल घालता. पाण्याचा अर्क पोत्याला, फळ्यांना, भिंतीच्या फटींना.

निलगिरी, लवंग यांची तेलं वाफेनं काम करतात, किड्याच्या मज्जासंस्थेवर. घट्ट झाकणाच्या डब्यात परिणाम दिसतो, पण ती उडून जातात, दर वेळी झाकण उघडलं की जोर कमी. पोत्यात तर त्यांचा काही उपयोगच नाही. आणि त्यांच्या वासाचा भात कुणी खाणार नाही, घनसाळवाले आधीच सांगून बसलेत.

आबा_शाहूवाडी

आणि आत शिरलेल्या अळीचं काय? एवढं सगळं बोललात, ती तशीच राहिली की!

कीटकवेडा

आबा, तिच्यावर पाला-पावडर चालतच नाही, तिला ताव द्यायचा. कडधान्याला हा उपाय फार चांगला. गच्चीवर आधी पोतं किंवा वाळकं गवत अंथरा म्हणजे खालून गारवा लागत नाही. त्यावर काळा प्लास्टिक कागद, त्यावर चवळी-हरभरा बोटभर जाडीचा पसरून, वरून पारदर्शक प्लास्टिक, कडांना विटा. आत ५७ अंश तापमान तासभर टिकलं तर अंड्यापासून भुंग्यापर्यंत सगळं मरतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी ते गाठता येतं. नुसतं उघड्यावर वाळवलं तर फिरणारे भुंगे उठून जातात, आतली अळी राहते. ताव दिल्यावर पूर्ण गार होऊ द्या, मग तेल लावा आणि डबा बंद करा. गरम भरलंत तर झाकणाला आतून पाणी सुटतं.

बियाण्याला ताव देताना ते आधी चांगलं वाळलेलं हवं, आणि नंतर ओल्या गोणपाटात शंभर दाणे घालून उगवण तपासून घ्या. फ्लॅटवाल्यांनी लहान पुड्या फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवल्या तरी काम होतं. बाहेर काढल्यावर पुडी लगेच फोडू नका, घरातल्या हवेइतकी गरम होऊ द्या.

निशिगंध

आमच्या गच्चीवर आधीच पापड-कुरडयांचा पसारा आहे, चवळी पण जाईल. :) सासूबाईंना धागा वाचून दाखवला. एरंडेल "शास्त्राला धरून" म्हटल्यावर खूश झाल्या, बोरिकवर काही बोलल्या नाहीत, पण डबा कपाटाच्या वरच्या फळीवर गेलाय.

नाना_पेठवडगाव

गोळीचं पटलं. घरात आणलेली एक डबी आहे, तिचं काय करू? कचऱ्यात टाकू?

पेठेतला

कचऱ्यात नको, पाण्यात तर मुळीच नको, पाणी लागलं की वायू भसकन सुटतो. डबी उघडू नका. घराबाहेर, लेकरांच्या-गुरांच्या हाताला लागणार नाही अशा कोरड्या, कुलपाच्या जागी ठेवा आणि जिथून घेतली त्याला परत घ्यायला लावा. तो नाही म्हणाला तर तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा.

जोंधळेवाला

नाना, ते आजच करा.

बाकीच्यांसाठी: आमच्या बांधावर दोन मोठे कडुनिंब आहेत, जूनमध्ये निंबोळ्या भरपूर पडतील. करवीर तालुक्यात कुणाला हव्या असतील तर निरोप करा. वेचायला मात्र स्वतः यायचं, पाऊस पडायच्या आत, आणि साडी आपापली आणायची.